आधी एकटं घर, मग देऊळ

कार्यकर्त्यांचा नकाशावरचा सराव घ्यायचा, तर नकाशा, मार्कर, टाचण्या, चहा हे सांगायला नको. प्रोजेक्टर टाळा, पडदा लागला की कार्यकर्ते श्रोते होऊन बसतात. सराव कशाचा आहे ते दारातच सांगा: सत्ता कोसळली, पोलीस ठाणी सोडून गेले, अशा वेळी साध्या माणसांना आणि अल्पसंख्याकांना वाचवायचं कसं. नकाशा पुण्याचा नको. कसबा, कोंढवा अशी नावं दिसली की पहिला तास आपल्याच राजकारणात जातो. कल्पित जिल्हा काढा: एक शहर, दोन बाजाराची गावं, थोडी खेडी, नदी आणि एकच पूल.

सरावातला काळ तीन दिवसांचा धरा. बांगलादेशात ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या आणि मुहम्मद युनूस यांचा शपथविधी ८ तारखेला झाला. मधल्या काळात ठाण्यांवर हल्ले होत होते, पोलीस दिसेनासे झाले होते आणि ढाक्यातली वाहतूक विद्यार्थी सांभाळत होते. तीन दिवसांत काय काय होतं त्याला हा नमुना पुरेसा आहे.

आता एकटं घर, म्हणजे वस्तीत त्या समाजाचं एकच असलेलं घर. मागच्या सरावात हे माझ्या कागदावरच नव्हतं, म्हणून ठळक अक्षरात लिहा. आपली मुलं विसर्जनाच्या गर्दीत दोर धरून तयार झालेली. पहारा म्हटलं की त्यांना देऊळ, चर्च, मशीद दिसते, कारण तिथे माणसांची साखळी करता येते आणि फोटोही येतो. बांगलादेशात मदरशांतली मुलं मंदिरांबाहेर रात्र रात्र बसली. ते मोलाचंच होतं, पण हल्ले घरांवर आणि दुकानांवरही झाले. सीरियात ८ डिसेंबर २०२४ ला असद यांची सत्ता गेली. पुढच्या मार्चमध्ये किनाऱ्याच्या भागात हत्यारबंद लोक घरोघर जाऊन ‘अलावी का?’ विचारत होते. अलावी हा तिथला अल्पसंख्य पंथ, असद यांचाच. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सुमारे १,४०० मृत्यू नोंदवले. देवळाबाहेरची साखळी तिथे काय करणार होती?

म्हणून पहिली टाचणी एकट्या घराला. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचं एकच ख्रिस्ती कुटुंब, गावाच्या टोकाला एकाच मुसलमान शिंप्याचं घर. प्रत्येक गटाला विचारा, रात्री दोन वाजता या घराने कोणाचं दार वाजवायचं? ‘समितीचं’ हे उत्तर घेऊ नका. माणूस सांगायला लावा.

तो माणूस कुठे सापडतो, हे आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट पडली. रझाकारांचे अत्याचार मराठवाड्याला पाठ आहेत, नंतर सामान्य मुसलमानांवर काय गुदरलं ते आपण कमी बोलतो. भारत सरकारने पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. सर्वाधिक झळ बसलेल्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्याच अहवालात आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव देऊन वाचवलं. तेव्हा एकट्या घराचा धंद्यातला सोबती शोधा. शेजारी घाबरून दार लावून घेऊ शकतो.

आणि हो, या घरांची यादी कागदावर करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. ठाणं लुटलं गेलं, फोन हिसकावला गेला, की वाचवायची यादी मारायची यादी होते. एका कार्यकर्त्याच्या डोक्यात एक एकटं घर, बस्स.

अफवेची चिठ्ठी सरावातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी गटांपुढे टाका. ऑगस्ट २०२४ मध्ये जळत्या घराची चित्रं बांगलादेशचा हिंदू क्रिकेटपटू लिटन दासच्या घराची म्हणून आपल्याकडे फिरली. घर होतं माजी कर्णधार आणि हसीना यांच्या अवामी लीगचे खासदार मशरफी मुर्तझा यांचं. गटांना हा फरक ओळखता आला पाहिजे, पण ‘हे राजकीय होतं’ म्हणून कोणी एकट्या घरावरून टाचणी काढली तर परत लावायला लावा.

तिसरा दिवस भरभर. हत्यारं गोळा करायची तर दोन्ही बाजूंची, एकाच बाजूची घेतली तर दुसरीला मोकळं रान मिळतं. जुनं सैन्य सरसकट घरी पाठवायचं का, यावर वाद होऊ द्या. इराकमध्ये २३ मे २००३ ला तेच केलं आणि बंदूक चालवता येणारी बेकार माणसं रस्त्यावर आली. जमिनीची दप्तरं, जन्मनोंदी यांना पहारा. पळालेल्यांच्या घराची किल्ली कोणाकडे, कुलूप तुटलं तर पंचनामा कोण करणार, तेही ठरवून घ्या. हॉल साडेपाचला सोडायचा असतो, तेव्हा चर्चा साडेचारलाच सुरू करा.