पंचमी बघून मनोरीला जा

मालाडजवळच्या एका रुग्णालयात मी गेली एकोणीस वर्षं परिचारिका आहे. सलग नाइट झाल्या की जो ऑफ मिळतो, तो मी बरीच वर्षं झोपण्यात घालवला. उठेपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असायचे, डोकं जड आणि दिवस संपत आलेला. मग कधीतरी महिन्यातला एक ऑफ मुंबईतच, मालाडपासून खाडीपलीकडे असलेल्या मनोरीच्या किनाऱ्यावर काढायला लागले आणि आता तो मी चुकवत नाही. वॉर्डातल्या नव्या मुली विचारतात, "सिस्टर, दिवसभर तिकडे करता काय?" त्यांना तोंडी सांगून सांगून जे जमलं आहे, ते इथे नीट लिहिते.

एक गोष्ट आधीच. नाइट उतरून थेट जाऊ नका. एक रात्र घरी पुरती झोप घ्या आणि दुसऱ्या दिवशी निघा. थकलेल्या शरीरानं पाण्यात उतरणं धोक्याचं असतं.

आता दिवस निवडण्याबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. कॅलेंडरवर तारखेआधी तिथी बघा. माझी आई रेवदंड्याची. तिच्या माहेरी भरतीची वेळ तोंडी काढायचे: तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला पूर्ण भरती आली, तर त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं. पण पुढच्या महिन्याची रजा मांडताना वॉर्डात उभ्या उभ्या पाऊणकीच कामाला येते.

पंचमीच का? पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. ती दुपारी बाराच्या आसपास, ऐन उन्हात येते आणि संध्याकाळी सहाला, निवांत बसायच्या वेळी, पाणी लांब गेलेलं असतं. अष्टमीला भांगाची भरती. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी जवळ असतं, पण भर दुपारी समोर नुसती तापलेली ओली रेती. पंचमीला सकाळी चालायला मोकळा, घट्ट किनारा मिळतो आणि दुपारी वारा सुटतो तेव्हा पाणी आपल्याकडे येत असतं. चतुर्थीही चालते, पण संकष्टीचा उपास असेल तर जेवणात मासे नाहीत आणि मनोरीला जाऊन मासे न खाणं मला पटत नाही. म्हणून पंचमी किंवा षष्ठी, त्यातही बुधवार किंवा शुक्रवार. रविवारी गर्दी असते. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पावसाळ्यात समुद्राचं रूप बघायला जरूर जा, पण पाण्यात उतरू नका. १ जूनपासून कोळी बांधवच होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, आपण तर पाहुणे. ऑगस्टच्या आसपास मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे जेलीफिशही येऊन पडतात. ते वाळूत मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात.

हे समुद्राच्या वेळेनं दिवस लावणं मी खरं म्हणजे मुळकीत शिकले. कर्नाटकात मंगळुरूच्या उत्तरेला, कोकण रेल्वेवरचं हे छोटं गाव सर्फिंगसाठी ओळखलं जातं. भाच्याला शिकायचं होतं म्हणून त्याच्यासोबत गेले होते. तिथली मुलं पहाटे उठून आधी समुद्र बघायची. लाट चांगली असेल तर नाश्ता नंतर, लाट नसेल तर झोप, गप्पा, मासे. कोणालाही कसलीच घाई नव्हती. दहा वाजता पाण्यातून बाहेर आलेला माणूस दुपारी एकपर्यंत झाडाखाली पडून राहिला तरी कोणी त्याला विचारत नव्हतं. वॉर्डात औषधांच्या वेळा, सलाइनच्या वेळा, हँडओव्हरची वेळ यांवर चालणाऱ्या मला ते बघूनच हलकं वाटलं. फळीवर उभं राहायचं असेल तर मुळकीला किंवा केरळात वर्कल्याला जा. मनोरीचा किनारा त्यासाठी नाही. तो फार सपाट आहे, लाट दूरवरच मोडते आणि आपल्यापर्यंत फेसच पोहोचतो. पण तो मुळकीचा दिवस मुंबईत हवा असेल तर मनोरी पुरेशी आहे आणि ती महापालिकेच्याच हद्दीत आहे.

पिशवीत काय घ्यायचं ते थोडक्यात. दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, जुनी सुती चादर, अंगावर घ्यायला ओढणी, कपड्यांचा एक जोड, बारीक चिमटा आणि थर्मासमध्ये गरम पाणी. त्या पाण्याचा चहा होतो, पण मी ते मुख्यतः डंखासाठी नेते. जेलीफिशचा डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्यानं काढायचे आणि मग तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरायचा. पाणी किती गरम आहे ते आधी चांगल्या हातानं बघा. डंख झालेल्या त्वचेला चटका कळत नाही. धाप लागली, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

सकाळी साडेसातला मालाड पश्चिमेला स्टेशनबाहेर पोचा. मार्वेला २७२ नंबरची बस जाते, शेअर रिक्षाही मिळतात. उशीर केलात तर मार्वे रोडच्या गर्दीत अडकाल. मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची बोट मिळते. खाडी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सुटे पैसे हातात ठेवा. बोटीत स्कूटर असतात, दुधाचे कॅन असतात, मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मावश्या असतात. उतरतानाच परतीची शेवटची बोट कधी ते विचारून घ्या. दिवसभर तो प्रश्न डोक्यात राहायला नको.

धक्क्यापासून किनाऱ्यापर्यंत रिक्षा मिळते, पण मी चालत जाते. अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास दिवसातला चांगला भाग आहे. वाटेत कोळ्यांची घरं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची कौलारू घरं, तुळशीवृंदावनं आणि नाक्यावर झेंडूची माळ घातलेले क्रूस. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा इथल्या गावठाणांमध्ये असे पुष्कळ क्रूस उभारले गेले. आमच्याच पेशाचा तो काळ. क्रूसाजवळून जाताना माझे पाय आपोआप थांबतात. त्या दिवसांत रुग्णांच्या उशाशी कोण बसलं असेल, हे दर वेळी मनात येतं.

उन्हाळा जवळ आला असेल तर कुठल्या तरी अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या दिसतील. तो बॉटल मसाल्याचा हंगाम. भाजून कुटलेला मसाला काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे वर्षभर उजेड आणि हवा लागत नाही. थंडीत मात्र बोंबील. बांबूंना दोऱ्या ताणलेल्या असतात आणि त्यावर बोंबील लटकत असतात. जवळ जाऊन बघा: ते दोरीला बांधलेले नसतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी केलेली असते आणि ती जोडी दोरीवर टाकलेली असते. बोंबलाचे बारीक वाकडे दातच गाठीचं काम करतात. मी एका मावशींना विचारून एक जोडी लावून बघितली, तर बोटाला ओरखडा आला. त्या मात्र बोलता बोलता, खाली न बघता मिनिटाला कितीतरी जोड्या लावत होत्या.

जेवणाचं इथेच, सकाळीच सांगून ठेवा. गावात घरगुती जेवण देणारी घरं आहेत, आयत्या वेळी गेलात तर मिळेलच असं नाही. भात, कालवण आणि ओले बोंबील एवढंच सांगा. बोंबील सकाळी सांगण्याला कारण आहे. त्यात पाणी फार. चिरून, मीठ लावून, वर वजन ठेवून ते पाणी निथळू दिलं तरच ते रव्यात कुरकुरीत तळले जातात. त्याला वेळ लागतो. घाईनं केलेला बोंबील तव्यावर विरघळतो.

नऊ-साडेनऊला किनाऱ्यावर पोचलात की पाणी आत गेलेलं असेल. चपला पिशवीत टाका आणि उजव्या हाताला, गोराईच्या दिशेनं चालायला लागा. कितीही चाला, ओली वाळू घट्ट असते. पण पन्नास पावलांवर एकदा खाली बसा. पायाखाली साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी असेल. मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा. दोन-तीन मिनिटं अजिबात हलू नका, सावलीसुद्धा भोकावर पडू देऊ नका. मग नखाएवढा, वाळूच्याच रंगाचा खेकडा बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, तिच्यावरचा सूक्ष्म खाऊ काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करतो आणि पायांनी मागे ढकलतो. भोकापर्यंतची एक वाट मात्र तो कायम मोकळी ठेवतो, कारण पक्षी आला तर पळायचं असतं. दुपारच्या भरतीत हे सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला तो पहिल्यापासून सुरू करतो. एकदा मी याच्यासमोर पाऊण तास बसले होते. घरी आल्यावर लक्षात आलं, त्या पाऊण तासात वॉर्डातला एकही चेहरा डोळ्यांसमोर आला नव्हता.

शंख उचलायचा असेल तर आत कोणी राहत नाही ना ते बघा. बऱ्याचदा रिकाम्या वाटणाऱ्या शंखात लहानसा खेकडा बिऱ्हाड करून असतो. तो असला की शंख जागच्या जागी ठेवा.

अकराच्या सुमारास ऊन चढतं. तेव्हा सुरूच्या झाडांखाली चादर टाका. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच. त्यासोबत शहराचा धुरकटपणाही असतो. दुपार होता होता हा वारा पडतो, थोडा वेळ एकही पान हलत नाही, मग समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि सुरूच्या सुया आवाज करायला लागतात. हा बदल झोपून, डोळे मिटून ऐका. जेवण त्याच्या आधी उरका आणि नंतर झोपा. गजर लावू नका.

पाण्यात उतरायची वेळ दोन ते साडेतीन. भरती चढत असते, पाणी किनाऱ्याकडे येत असतं. कमरेपर्यंतच जा आणि पाठ किनाऱ्याकडे असली तरी अधूनमधून वळून आपली चादर कुठे आहे ते बघत राहा. ती बाजूला सरकलेली दिसली तर प्रवाह तुम्हाला नेतो आहे. हे मी अनुभवानं सांगते. २०२१ च्या डिसेंबरात पावणेचार वाजून गेले तरी मी पाण्यातच होते. भरती पूर्ण झाली, पाणी फिरलं आणि मला कळलंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकायला लागली, दोन लाटांत पाय सुटले. मी सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिले आणि जागच्या जागीच राहिले. दम संपायला आला तेव्हा जाळं आवरणाऱ्या एका कोळीदादांनी ओरडून हात आडवा केला. मी किनाऱ्याला समांतर पोहत तीस-चाळीस फूट बाजूला गेले, तेव्हा पाय टेकले. त्यांनी वर आल्यावर एवढंच सांगितलं, "ताई, पाणी उतरायला लागलं की आपण वर यायचं." तेव्हापासून मी साडेतीनला बाहेर असते. मालाडच्याच अक्सासारख्या किनाऱ्यावर तर ओहोटीच्या पाण्यात उतरूच नका. तिथे दरवर्षी माणसांचे जीव जातात आणि त्यांच्या घरच्यांना सामोरं जाणं काय असतं ते मी कॅज्युअल्टीत पाहिलं आहे.

बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच बदला, एक ओआरएस पाण्यात घालून सावकाश प्या. खाऱ्या पाण्यात आणि वाऱ्यात तहान जाणवत नाही, पण शरीरातलं पाणी गेलेलं असतं. मग थर्मासमधल्या पाण्याचा चहा. यानंतर सूर्यास्तापर्यंत काहीही ठरवू नका. पुस्तक आणलं असेल तर ते पिशवीतच राहिलं तरी चालेल. सोबत कोणी असेल तर आधीच सांगून ठेवा की तासभर बोलायचं नाही. मी आणि माझी मैत्रीण दर वेळी हे पाळतो. पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं होतं, आता आम्ही दोघी त्याच तासाची वाट बघतो.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बिंब पाण्याला टेकलं की उठा, चादर झटका आणि उजेड आहे तोवर गावात या. सकाळच्या मावशींकडून सुके बोंबील घ्यायचे असतील तर आधी वर्तमानपत्रात, मग दोन पिशव्यांत गुंडाळून मागा. बस भरलेली असते. बोटीत शक्य झालं तर मागच्या बाजूला उभ्या राहा. खाडीच्या पाण्यावर तेव्हा वारा गार असतो, ओढणी लागतेच. घरी पोचल्यावर कोमट गोड्या पाण्यानं अंघोळ, पायांच्या बोटांमधली वाळू नीट काढून खोबरेल तेल आणि लगेच अंथरूण. मी साडेनऊला झोपते. दुसऱ्या दिवशी सातची मॉर्निंग असते.