कीटकनाशकाची बाधा झालेला मोर सापडला तर

पेरणीच्या दिवसांत बांधावर मोर पंख टाकून बसलाय, चोचीतून लाळ गळतेय, पायाची बोटं आवळलीत, तर बीजप्रक्रिया केलेले (कीटकनाशक चोळलेले) दाणे पोटात गेले असं धरून चाला. डोळ्यांच्या बाहुल्यांवरून अंदाज बांधू नका. पक्ष्यांत त्या फसवतात, कारण तिथले स्नायू आपल्यासारखे नसतात.

विष बाहेर काढतं ते पक्ष्याचं यकृतच. ते रेणूला ऑक्सिजन जोडून पाण्यात विरघळणारा करतं, मग तो पित्त आणि मूत्रपिंडावाटे विष्ठेत जातो. गोची अशी की क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक याच पहिल्या पायरीवर आणखी जहाल होतं. तो जहाल रेणू रक्तातच तोडणारं पॅराऑक्सोनेज हे एन्झाइम सस्तन प्राण्यांत भरपूर, पक्ष्यांत नावापुरतं.

म्हणून आपण दोनच गोष्टी करायच्या: आणखी विष शोषलं जाऊ द्यायचं नाही आणि पक्ष्याला दमवायचं नाही. हातमोजे घाला. डोक्यावर हलकं फडकं टाका, पंख अंगाशी धरून उचला, भोकं पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. अंधार, शांतता, ऊब. दूध, तूप, गुळाचं पाणी काही पाजू नका. गिळता येत नसलेल्या पक्ष्याच्या ते थेट श्वासनलिकेत जातं. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, तेव्हा घरी न नेता वनविभागाला १९२६ वर कळवा.

पुढचं काम पशुवैद्यकाचं. अॅट्रोपिन हा उतारा, किलोला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. तीन किलोच्या लांडोरीला ०.६ ते १.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमच्या एक ते अडीच अँप्युल. पाव हिस्सा शिरेतून, बाकी स्नायूत. गळ्याखालची अन्नपिशवी दाण्यांनी टम्म असेल तर ती रिकामी केल्याशिवाय गुण टिकत नाही. सुई देऊन तरतरीत झालेला पक्षी संध्याकाळी पुन्हा कोसळतो तो यामुळेच.

कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांची मज्जातंतूंच्या एन्झाइमवरची पकड काही तासांत सुटते, ऑर्गॅनोफॉस्फेटची (क्लोरपायरीफॉस याच गटातलं) आठवडे राहू शकते. त्यामुळे उभा राहिला म्हणून लगेच सोडू नका. गिळायला लागला की उपाशीही ठेवू नका: डीडीटीसारखी जुनी विषं चरबीत साठतात आणि चरबी झडली की रक्तात उतरतात. मादी तीच अंड्याच्या बलकातून पिल्लाला देते.

मेलेला पक्षी उघड्यावर टाकू नका, घार आणि कुत्रं त्याच विषानं मरतात. पंचनामा होईपर्यंत झाकून ठेवा. आणि पाभरीच्या वळणावर सांडलेलं बियाणं त्याच दिवशी मातीआड करा. मोर आधी तिथेच येतो.