दहा बिटांतले दहाही वापरा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं तापमान-कंट्रोलर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. नवीन पोरगं आलं की त्याचा पहिला हट्ट एकच: "काका, बारा बिटांचा एडीसी घेऊया ना!" एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग. आधी आहे तो नीट वापर, बाबा.

अर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा एडीसी १० बिटांचा, म्हणजे १०२४ पायऱ्या. रेफरन्स, म्हणजे मोजायची कमाल मर्यादा, ५ व्होल्ट ठेवला तर एक पायरी जवळजवळ ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर देतो अंशाला १० मिलिव्होल्ट. बडोद्याच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांना ४२० मिलिव्होल्ट, आकडा येतो ८६. बाकी पायऱ्या रिकाम्याच! आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स लावा, तोच आकडा ३९१ होतो. मात्र हा १.१ नावापुरता, चिपागणिक तो १.० ते १.२ मध्ये कुठेही असतो. म्हणून एरेफ या रेफरन्सच्या पिनवर मल्टिमीटर लावून मोजा आणि तोच आकडा प्रोग्रॅममध्ये घाला. भट्टी ११० अंशांच्या वर जाणार असेल तर हा उपाय विसरा, तिथे १.१ व्होल्टची मर्यादा संपते.

एरेफ ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. सेन्सरच्या वायरीत एक किलोओहम टाका, आणि त्यानंतर पिनपाशी ग्राउंडला आणखी एक १०० नॅनोफॅरड. वायरीतला रोध दहा किलोओहमच्या वर नेऊ नका, एडीसीच्या आतला कपॅसिटर वेळेत भरत नाही.

रेफरन्स किंवा चॅनल (मोजायची पिन) बदललं की पहिलं रीडिंग फेकून द्या. सोळा रीडिंगांची बेरीज करून चाराने भागलं तर दोन बिट जास्तीचे मिळतात, पण सिग्नलमध्ये पायरीभर तरी थरथर हवी. अगदी स्थिर सिग्नलवर ही युक्ती फुकट.