पानगळीनंतर पाचोळ्याला काडी लावू नका : साग व इतर इमारती झाडांच्या लागवडीसाठी उन्हाळी सल्ला

सागाची पाने गळून जमिनीवर जाड थर साचला आहे, ऊन तापू लागले आहे आणि दुपारनंतर वारा सुटतो आहे. पुढच्या काही आठवड्यांत लागवडीतील दुसरे एखादे काम मागे पडले तरी भरून काढता येईल, परंतु पाचोळा पेटला तर झालेले नुकसान भरून येत नाही. साप-विंचवाच्या भीतीने, बांधावरचे गवत झटपट साफ व्हावे म्हणून किंवा राखेने जमीन सुधारते या समजुतीने लावलेल्या एका काडीने चांगल्या लागवडी नासलेल्या मी वारंवार पाहिल्या आहेत.

हे नुकसान लगेच दिसत नाही आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा होते. सालीखालचा वाढीचा थर साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. साल जितकी पातळ तितकी उष्णता लवकर आत पोहोचते. सालीची जाडी दुप्पट असेल तर त्यासाठी सुमारे चौपट वेळ लागतो, त्यामुळे कोवळ्या झाडांना जमिनीलगतची मंद आगही पुरेशी ठरते. पावसाळ्यात झाड पुन्हा पालवते आणि मालकाला वाटते की काहीच बिघडले नाही. प्रत्यक्षात वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे जेथे ज्वाळा खोडाला चिकटून जास्त वेळ रेंगाळते तेथे, बुंध्याची साल मेलेली असते. कोयत्याच्या मुठीने त्या जागी ठोकून पाहा. निरोगी बुंधा टणक वाजतो, तर साल सुटली असेल तेथे बद्द आवाज येतो. याच जागेतून बुरशी आणि किडे आत शिरतात. एका लागवडीतील बाहेरून सरळ आणि भरदार दिसणारे ओंडके आरागिरणीत चिरले तेव्हा बुंध्याकडचा भाग आतून तपकिरी व भुसभुशीत निघाला. ओंडक्याचे सर्वाधिक मोल याच भागात असते.

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये सहकाऱ्यासह मांडले की झाड सडलेला भाग दुरुस्त करत नाही, तर त्याभोवती भिंती उभारून तो कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. आत कोंडलेला दोष मात्र लाकडात कायम राहतो. म्हणून भाजलेल्या बुंध्याला लावायचे महागडे मलम कोणी गळ्यात मारत असेल तर ते घेऊ नका. छाटणीच्या लहान, ताज्या जखमांसाठी बोर्डो मलम घरी तयार होते : १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि एकूण १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे विरघळवून, धातूच्या भांड्यात न कालवता. जळालेल्या सालीवर त्याचाही उपयोग होत नाही.

जमिनीचे नुकसान तर याहून नकळत होते. पाचोळ्यातील नत्र सुमारे २०० अंशांपासून वायुरूपाने उडू लागते. राखेत स्फुरद, पालाश व चुना उरतो खरा, परंतु तो वाऱ्याने आणि पहिल्या जोरदार सरीने वाहून जातो. त्याखेरीज साधारण १७५ ते २०० अंशांच्या दरम्यान पाचोळ्यातील मेणचट द्रव्ये वाफ होऊन खालच्या मातीच्या कणांवर बसतात, विशेषतः रेताड जमिनीत. राख बाजूला सारून कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब टाका. तो पाच सेकंदांहून अधिक काळ गोळा होऊन राहिला तर ती माती पाणी झटकते आहे असे समजावे. अशा जमिनीतून पहिल्या पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहते. मग विक्रेता ह्यूमिक, जिवाणू द्रावण आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्या पुढे करतो. जे फुकट खाली पडले होते ते जाळून तेच विकत घेण्यात काय अर्थ आहे?

नियंत्रित आगीने मोठे वणवे रोखता येतात, हे काही देशांतील वनसंशोधन सांगते आणि ते खरे आहे. मात्र ते प्रशिक्षित माणसांचे, आगीला सरावलेल्या जंगलांचे काम आहे. दोन-चार एकरांच्या लागवडीने ते अनुकरू नये.

आता करायचे ते एवढे, की लागवडीभोवती किमान ३ मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, मातीपर्यंत स्वच्छ करावी. उताराच्या जमिनीवर खालच्या कडेची रेषा अधिक रुंद असावी, कारण आग चढावर धावते आणि चढ सुमारे १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. काढलेला पाचोळा आत ओढून ओळींमध्ये पसरावा. खोडाला टेकवू नये, हातभर अंतर ठेवावे, म्हणजे वाळवीलाही वाट मिळत नाही. माझा एक ठोकताळा आहे : मुठीत धरलेले पान चुरगळताच भुगा झाले तर त्या दिवशी लागवडीत आणि शेजारच्या बांधावर चूल, विडी किंवा गवत जाळणे पूर्ण बंद.

इतर कामे :
– वाळलेल्या खालच्या फांद्या काढणे
– वेली तोडणे
– पाण्याची टाकी व आग झोडपून विझवण्यासाठी ओल्या फांद्या तयार ठेवणे
– शेजाऱ्यांना पूर्वसूचना देणे

आग लागूनच गेली असेल तर घाईने तोड करू नका. मोठ्या झाडांच्या बुंध्यावर खूण करून पावसाळ्यानंतर ठोकून तपासावे आणि पुढच्या विरळणीत, म्हणजे दाटी कमी करण्याच्या तोडीत, बद्द वाजणारी झाडेच आधी काढावीत. एक ते तीन वर्षांचा साग भाजला असेल तर पावसाच्या तोंडावर जमिनीलगत धारदार काप घ्यावा, फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी सर्वांत जोमदार आणि सरळ असा एकच ठेवावा, बाकीचे हातभर होण्याआधी मोडून टाकावेत.