नाताळचं झाड उतरवलं की आळ्यात घाला
भुसावळला आमच्याकडे नाताळला सुरूची फांदी सजवतात. ६ जानेवारीनंतर ती कचऱ्यात टाकू नका, जाळूही नका. आधी दिव्यांची माळ, तारा, कापूस आणि चमकी अगदी निवडून काढा. चमकी म्हणजे प्लास्टिकच, एकदा मातीत गेली की निघत नाही. मग कोयत्याने बारीक तुकडे करून लिंबाच्या, पपईच्या आळ्यात दोन-तीन इंचांचा थर पसरा, खोडापासून वीतभर लांब. सुरूच्या सुया सावकाश कुजतात, आणि खानदेशात तेच हवं: एप्रिल-मेच्या उन्हात आळ्यातली ओल टिकते. रंग फवारलेली फांदी मात्र नकोच. कुंडीतलं जिवंत ख्रिसमस ट्री असेल तर उन्हाळाभर सावलीत ठेवा, पुढच्या नाताळला तेच सजवता येईल.