पर्यावरण तपासणीसाठी अधिकाऱ्यांना पत्र कसं लिहावं

एखाद्या प्रकल्पाबद्दल पत्राला बसण्याआधी मी त्याच्या पर्यावरण परिणाम अहवालातलं पाण्याचं प्रकरण उघडते. नमुने कोणत्या महिन्यात घेतलेत ते बघा. फक्त पावसाळ्यातले असतील तर नदी भरून वाहत असते, सांडपाणी विरळ दिसतं. उन्हाळ्यातले आकडे मागा. पत्रात हाच मुद्दा, पान क्रमांकासकट. नुसतं ‘प्रकल्प नको’ लिहिलेलं पत्र सहज बाजूला पडतं, नेमका प्रश्न टाळणं अवघड जातं आणि तेच आपल्याला हवंय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतल्या १९९२च्या रिओ जाहीरनाम्यातलं तत्त्व क्र. १७ जरूर नोंदवा: पर्यावरणावर मोठा दुष्परिणाम संभवत असेल तर त्या परिणामाचं मूल्यांकन व्हायला हवं. मागणी एकच, ठळक: मूल्यांकन पूर्ण झाल्याशिवाय मंजुरी देऊ नका. मुदतीच्या आत द्या, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.