रात्रीच्या फेरीवरच्या वॉचमनसाठी

सोसायटीने सुरक्षारक्षक ठेवला की आपण त्याच्या हातात काठी देतो आणि मोकळे होतो. 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली नव्या रक्षकाला 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण ठरवून दिलेलं आहे. करार करताना एजन्सीकडे परवान्यासोबत या प्रशिक्षणाचा दाखलाही मागा.

साहित्यात सगळ्यात आधी चांगली टॉर्च, आणि तिचे सेल कोण बदलणार हेही ठरलेलं हवं. शिट्टी, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, घट्ट पकडीचे लेसचे बूट. पावसाळ्यात गच्चीवर आणि पार्किंगच्या उतारावर पाय हमखास घसरतो.

पण खरा जीव वाचतो तो एका सूचनेने: चोर दिसला तर अंगावर जायचं नाही. लांब राहायचं, शिट्टी वाजवायची, 112 ला फोन करायचा, माणूस कसा दिसतो आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा. ‘पकडलं का नाहीस?’ असं कमिटीने त्याला कधीही विचारू नये. हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. दर तासाला गेटवरच्या सोबत्याला फोन करायला सांगा. फोन आला नाही तर सोबत्याने लगेच शोधायला निघायचं, आणि एकट्याने नाही.